पाहिजे : एक कोरडी भिंत

पनवेलमध्ये फ्लॅट घेणारा माणूस कागदोपत्री चटईक्षेत्र विकत घेतो. प्रत्यक्षात त्याला मिळतात त्या भिंती, आणि त्यांचं वाटप ताबा मिळायच्या आधीच झालेलं असतं. एक टीव्हीची, एक सोफ्याची, एक लोखंडी कपाटाची, एक फ्रिजची. ईशान्येचा कोपरा देवांचा. दारामागची भिंत चपलांच्या रॅकची. तिच्यावर किल्ल्यांचे खिळे आणि विजेचं बिल अडकवायचा चिमटा. उरलेल्या भिंतींत बिल्डरने दारं-खिडक्या पाडलेल्या असतात. अशा घरात नवी वस्तू येते ती कुणाला तरी बेघर करूनच. मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंटा गॅलरीत गेला. वॉशिंग मशीन आलं तेव्हा तो गॅलरीतून गावी गेला.

अशा या भरगच्च संसारात आमच्याकडे पियानो आला. मुलगी कीबोर्ड शिकत होती, ट्रिनिटीच्या परीक्षा देत होती, तोवर सगळं ठीक होतं. कीबोर्ड परीक्षेपुरता बाहेर यायचा आणि नंतर पलंगाखाली जायचा. पण तिच्या बाई म्हणाल्या, की यापुढे बोटांना खऱ्या पट्ट्यांचं वजन लागेल. नेमक्या त्याच सुमारास गिरगावात ओळखीतल्या एकांची इमारत पुनर्विकासाला निघाली. त्यांच्याकडे आजोबांच्या काळातला उभा पियानो होता. "फुकट घेऊन जा, फक्त नेण्याचा खर्च तुमचा," ते म्हणाले. जगात फुकट मिळणाऱ्या वस्तू साधारणपणे सव्वादोनशे किलोच्या का असतात, याचा विचार करायला आम्हाला उसंत मिळाली नाही.

आपल्याकडची वाद्यं मराठी घरात राहायला शिकलेली आहेत. तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा राहतो. तबला-डग्गा टेबलाखाली मावतात. बासरी तर पडद्याच्या दांडीवरही राहते. पेटीबद्दल काय बोलावं! परदेशातून आलेल्या पायपेटीची हातपेटी करण्याचं श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिलं जातं. त्यामागे त्यांचा संगीताचा विचार असणारच. पण ती बंद होते, कपाटावर चढते आणि वर्षभर तक्रार न करता तिथे बसते, हा गुण आपल्या घरांना जास्त भावला. संगीत नाटकवाल्यांनी ऑर्गन आणला तोसुद्धा नाट्यगृहात, रंगमंचासमोर ठेवला. घरी आणायचा धीर त्यांनाही झाला नाही.

पियानोची जागा आपल्याला माहीत आहे ती हिंदी सिनेमामुळे. 'अंदाज'मध्ये (१९४९) दिलीपकुमार, 'संगम'मध्ये (१९६४) राज कपूर, 'ब्रह्मचारी'मध्ये (१९६८) शम्मी कपूर पियानोशी बसले आणि सगळ्या देशाची समजूत झाली, की पियानो दिवाणखान्याच्या मधोमध ठेवतात. त्या दिवाणखान्यात झुंबर असतं, पार्टीला आलेले पन्नास लोक हातात पेले घेऊन स्तब्ध उभे असतात आणि मागे जिना असतो. त्या दिवाणखान्याची भिंत कुठे संपते हे कॅमेऱ्यालाही दिसत नाही. शिवाय त्या घरात कधी पाऊस पडत नाही. पडलाच तर नायिकेच्या मनःस्थितीपुरता, खिडकीच्या बाहेर.

हे वाद्य जन्मलं फ्लॉरेन्समध्ये, इ.स. १७००च्या सुमारास. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने ते मेदिची घराण्याच्या दरबारात तयार केलं. त्याच वर्षी इकडे सिंहगडावर राजाराम महाराजांनी देह ठेवला आणि ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धच्या झुंजीची सूत्रं हाती घेतली. म्हणजे त्या वेळी 'हे कोकणात टिकेल का?' असं क्रिस्तोफोरीला विचारायला आपल्याकडे कुणाला सवड नव्हती. नंतर कुणी विचारलंच नाही. पुढे इंग्रज आपापले पियानो बोटीतून इकडे घेऊन आले आणि पहिल्याच पावसात सांधे सुटलेले पाहून हबकले. मग तिकडच्या कारखान्यांनी खास उष्ण प्रदेशांसाठी पियानो काढले. त्यात सरसावर भरवसा न ठेवता पितळी स्क्रू मारलेले असत. आमचा पियानो त्याच जातीचा. मागचे स्क्रू पाहून आई म्हणाली, "हा आधी दुरुस्त केलेला दिसतोय."

पियानोत काय असतं हे त्याला उचलणाऱ्यांनाच कळतं. पट्ट्या ८८, ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. तारा मात्र २३०च्या आसपास, कारण बहुतेक स्वरांना दोन किंवा तीन तारा लागतात. या सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टन. तो पेलायला आत ओतीव लोखंडाची भलीमोठी चौकट. लोखंडाचा माल कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून पनवेलच्या दारावरून रोज जातो. तो कुणाच्या तिसऱ्या मजल्यावर जात नाही इतकंच. २० टनांची हकीकत मुलीने उत्साहाने सांगितली आणि आईने जपमाळ घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला मुक्काम हलवला. "तार तुटली तर कुठल्या बाजूला येईल?" एवढंच तिला विचारायचं होतं.

सोसायटीच्या कमिटीलाही एकच प्रश्न होता : स्लॅब. त्यासाठी रविवारी खास बैठक झाली. सुदैवाने खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सिव्हिल इंजिनिअर निघाले. राहत्या घराच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वापराचा भार धरायचा, असं भारतीय मानक ८७५ सांगतं, ही माहिती त्यांनी दिली. पियानो सव्वादोनशे किलोचा, त्याचा पसारा चौरस मीटरभर. तेव्हा खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा आणि निर्धास्त राहा, असा निर्वाळाही दिला. तरी सेक्रेटरी साशंकच होते. त्यांना आठवण करून द्यावी लागली, की गेल्या श्रावणात याच हॉलमध्ये सत्यनारायणाच्या प्रसादाला अख्खी कमिटी एका वेळी बसली होती. सदस्यांनी एकमेकांकडे नजर टाकली, मनात काही बेरजा झाल्या आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

लिफ्टमध्ये पाटी आहे : ६ व्यक्ती, ४०८ किलो. वजनाच्या हिशेबाने पियानो सव्वातीन व्यक्तींचा होत होता. पण त्या सव्वातीन व्यक्ती हात पसरून उभ्या राहिल्या तर दारातून आत येणार कशा? म्हणून जिना. हमाल अनुभवी होते. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या जड वस्तू म्हणजे कपाटं. पहिल्या वळणावर पियानो जरा कलला, आतून सगळ्या तारा एकदम झणाणल्या आणि मुकादम थांबून म्हणाला, "साहेब, आतली भांडी काढून घ्यायला पाहिजे होती." पियानोला खाली चाकं होती, पण ती ढकलून न्यायला नाहीत, वाकतात, असं गिरगावातून निघतानाच बजावण्यात आलं होतं. पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं गाव. इथल्या माणसाला, चाक आहे पण फिरवायचं नाही, हे समजावणं फार अवघड गेलं.

पियानो हॉलमध्ये आला आणि मधोमध थांबला, सिनेमातल्या जागेवर. फरक एवढाच, की सिनेमात लोक त्याच्याभोवती नाचतात आणि आमच्याकडे लोक त्याच्याभोवतीने आडवे होऊन संडासाला जात होते. जागा ठरवणं भाग होतं. बाईंनी मुलीकडे नियमांची यादी लिहून दिली होती, ती घेऊन आम्ही बसलो.

पहिला नियम : शेकोटी आणि रेडिएटर यांच्यापासून दूर ठेवा. इथे आम्हाला फारच हायसं वाटलं. पनवेलकराला रेडिएटर ठाऊक असतो तो खंडाळ्याच्या घाटात उकळतो म्हणून.

दुसरा नियम : ऊन पडेल अशा खिडकीजवळ नको. तिसरा : एसीच्या झोतात नको. चौथा : स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या भिंतीला नको. पाचवा, आणि बाईंनी खाली दोनदा रेघ मारलेला : बाहेरच्या भिंतीला नको. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी आणि मुख्य म्हणजे ती वर्षभर तशीच राहावी.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. खाडीवरून आलेले ढग पूर्वेला प्रबळगड-माथेरानच्या डोंगराला धडकतात आणि जिना चढून दमलेल्या हमालासारखे सगळं ओझं तिथेच टाकतात. ज्यांनी २६ जुलै २००५चा पूर इथे काढला आहे, ते तळमजल्यावर जड फर्निचर घेण्याआधी अजूनही गाढी नदीचा विचार करतात. जुलैत आर्द्रता नव्वदीला टेकते. मुलीने ऑनलाइन एक छोटा आर्द्रतामापक मागवला आणि कौतुकाने आजीला दाखवला. आजीने मिठाची बरणी उघडली, चमच्याने मीठ खरवडायचा प्रयत्न केला, चमचा उभाच राहिला. "नव्वद," ती म्हणाली. मापकावर एकोणनव्वद होते.

आता यात पियानोचं काय बिघडतं ते बघा. तारांच्या मागे लाकडाची एक मोठी पातळ फळी असते, साउंडबोर्ड. आवाज खरा तिच्यातून येतो. पावसात ती पाणी पिते आणि फुगून पुढे येते. तिच्यावर बसवलेल्या घोड्या वर उचलल्या जातात, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. थंडीत फळी वाळली की सूर उतरतो. म्हणजे आषाढात ज्या पट्टीत मुलगी गाते ती माघात सापडत नाही. शिवाय लाकडी पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटतात; एक दाबली की शेजारीणही सोबत खाली जाते. हातोड्यांना नमदा असतो, तो लोकरीचा. त्याला कसर लागते. तारांना गंज चढतो. आणि उंदराच्या दृष्टीने खालचं दार उघडलेला पियानो म्हणजे गरम कपड्यांसकट मिळालेला फर्निश्ड फ्लॅट, तोही डिपॉझिटशिवाय.

भिंतींची पाहणी सुरू झाली. आमचा फ्लॅट कोपऱ्यातला. घेताना आम्ही त्यासाठी जादा पैसे मोजले होते, कारण तीन बाजूंनी हवा आणि उजेड. आता बाईंच्या यादीनुसार आमच्याकडे तीन बाजूंनी संकट होतं. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर दर पावसाळ्यात ओल येते. सोसायटीने बाहेरून वॉटरप्रूफिंग केल्यापासून ती नियमित येते. बेडरूमच्या एका भिंतीमागे न्हाणीघर, दुसरीवर एसी. डायनिंगची भिंत स्वयंपाकघराला लागून. तिथे पियानो ठेवला तर महिन्याभरात पांढऱ्या पट्ट्यांना हिंग-मोहरीची फोडणी बसणार.

तेवढ्यात डोंबिवलीहून मामा आले. मामांनी निवृत्तीनंतर वास्तुशास्त्राचा अभ्यास केला आहे आणि त्याचा उपयोग ते बहिणीच्या घरावर करतात. हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी होकायंत्र काढलं. "अरे, सोपं आहे. जड वस्तू नेहमी नैऋत्येला. घराला स्थैर्य येतं." मी त्यांना नैऋत्येचा कोपरा दाखवला. तिथला रंग पोपडे धरून सुटला होता. मोसमी वाऱ्यांचं नावच मुळी नैऋत्य मोसमी वारे. हवामान खातं दर जूनला ओरडून सांगतं, की ते नैऋत्येकडून येतात. शास्त्र सांगतं वजन नैऋत्येला ठेवा, आणि पाऊस त्याच पत्त्यावर येतो. मामांनी थोडा विचार करून पर्याय दिला, "मग वायव्य. वायूची दिशा, आवाजाला उत्तम." वायव्येला संडास होता. मामांनी होकायंत्र खिशात घातलं आणि चहा मागितला.

या पाहणीत एक गोष्ट मात्र लक्षात आली. कोकणातल्या जुन्या घराला हा प्रश्न पडलाच नसता. पुढे ओटी, चारी अंगांनी पडवी, आणि पोटात माजघर. पाऊस पडवीवर पडायचा, पाहुणा ओटीवर थांबायचा आणि माजघराला बाहेरची भिंतच नसायची. धान्याची कणगी, दागिन्यांची पेटी, जमिनीचे कागद, बाळंतीण, जे जे म्हणून जपायचं ते सगळं माजघरात. क्रिस्तोफोरी चुकून फ्लॉरेन्सऐवजी पनवेलच्या एखाद्या जुन्या वाड्यात येता, तर त्याचा पियानो आजही सुरात असता. फ्लॅट बांधणाऱ्यांनी पडवी काढली, तिला बाल्कनी म्हणून विकली. माजघर काढलं आणि त्या बदल्यात काहीच दिलं नाही. आता घरात जपायचं काही असेल तर ते लॉकरमध्ये. पियानो लॉकरमध्ये जात नाही.

एक भिंत मात्र निर्दोष होती : हॉल आणि शेजारच्या फ्लॅटच्या मधली. तिला ना पाऊस, ना नळ, ना ऊन. पण तिला दोन हरकती आल्या. पहिली हरकत गणपतीची. तो कोपरा वर्षानुवर्षं गणपतीचा आहे. पेणहून मूर्ती येते, तिथेच मखर बसतं. आईचं म्हणणं, त्यात काय, पियानोवरच मखर करू. उंची मस्त आहे, वर जागा सपाट, आरतीला सगळ्यांना दिसेल. मुलीचा चेहरा पांढरा पडला. पंचामृत, दूर्वांचं पाणी, उकडीच्या मोदकांची वाफ, समईचं तेल, आणि हे सगळं भाद्रपदात! बाईंच्या यादीत याचा उल्लेख नव्हता, कारण यादी करणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीला मर्यादा होत्या. गणपतीपुरता पियानो दुसरीकडे हलवू, असं बायकोने सुचवलं. पण पियानो हलवला, की नव्या जागेच्या हवेशी जुळेपर्यंत तो बेसूर राहतो, मग पुन्हा लावून घ्यावा लागतो. म्हणजे बाप्पा दीड दिवस, आणि ट्यूनर दोनदा.

दुसरी हरकत शेजारच्या काकांची असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. उभ्या पियानोचा साउंडबोर्ड मागच्या बाजूला असतो, त्यामुळे वाजवणाऱ्यापेक्षा भिंतीपलीकडचा श्रोता भाग्यवान. मी परवानगी मागायला गेलो. काका म्हणाले, "विमानतळ झाला, आम्ही कुणाला काही बोललो का? पोर वाजवेल त्याचं काय!" मन भरून आलं. दारापर्यंत सोडायला येताना त्यांनी भर घातली, "फक्त दोन ते चार नको. सकाळी योगासनं असतात. संध्याकाळी बातम्या. रात्री नऊनंतर आमची ही झोपते." उरलेला वेळ मुलगी शाळेत असते.

मग यादी पुन्हा हातात घेतली आणि हॉलमध्ये नीट नजर फिरवली. बाहेरची भिंत नाही, पाण्याची नाही, शेजाऱ्याची नाही, उन्हाची नाही, एसी समोर नाही, बीम बरोबर वर, सॉकेट हाताशी. अशी भिंत घरात होती. हॉल आणि बेडरूमच्या मधली. तिथे टीव्ही होता.

हे एकदा दिसलं आणि मला आमच्या घराचा नकाशा पहिल्यांदा समजला. या फ्लॅटमधली सगळ्यात कोरडी, सगळ्यात सुरक्षित, सगळ्यांच्या नजरेसमोरची जागा आम्ही पहिल्याच दिवशी, कसलाही विचार न करता, टीव्हीला दिली होती. माझी जन्मतारखेपासूनची प्रमाणपत्रं आहेत माळ्यावर. लग्नाचा अल्बम आहे पलंगाच्या कप्प्यात, त्यातल्या मामांच्या चेहऱ्यावर बुरशी आली आहे. आई स्वतः झोपते ती पश्चिमेच्या भिंतीला लागून, ओलीच्या डागाखाली. त्या डागात तिला कधी गाय दिसते, कधी महाराष्ट्राचा नकाशा. आणि सत्तरएक हजार तासांच्या आयुष्याचं, दर पाच-सात वर्षांनी बदललं जाणारं यंत्र माजघरात!

टीव्ही हलवायचा ठराव मांडला तेव्हा घरात जी शांतता पसरली, तशी कमिटीतही पसरली नव्हती. पण आई अनपेक्षितपणे पियानोच्या बाजूने उभी राहिली. "मालिका काय, कुठूनही दिसते. हे बिचारं ओलीत सडेल," ती म्हणाली. टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर गेला. सोफा मात्र जागचा हलला नाही, कारण त्याला दुसरी जागा नव्हती. परिणामी आता संध्याकाळी सगळं घर सोफ्यावर ओळीने बसतं, समोर बंद पियानो, आणि टीव्ही बघायला माना काटकोनात वळवाव्या लागतात. पाहुण्यांना वाटतं, कार्यक्रम सुरू व्हायचा आहे.

जागा मिळाली म्हणून हवा बदलत नाही. त्यासाठी पियानोच्या पोटात दिवा लावायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. खालची फळी काढून आत, लाकडाला आणि नमद्याला न चिकटेल अशा बेताने, लहान पिवळा बल्ब सोडायचा; पावसाळाभर त्याची ऊब आतली ओल वाढू देत नाही. मी बाजारात गेलो. दुकानदाराने एलईडी दिला. म्हटलं, तापणारा हवा. "हा तापतच नाही साहेब, हीच तर खुबी आहे. वीज वाचते." मला वीज वाया घालवणारा हवा आहे, हे वाक्य भर बाजारात मोठ्याने बोलायला धैर्य लागतं. त्याने पोऱ्याला माळ्यावर चढवलं. पोऱ्याने धूळ झटकून एक जुना, तारेचा, पंचवीस वॉटचा बल्ब खाली दिला. आता आमच्या देव्हाऱ्यात एलईडीची समई आहे आणि पियानोत खरा दिवा. वीज गेली, की आई आधी पियानोची चौकशी करते.

ट्यूनर मुंबईहून आले, हार्बरच्या गाडीने, शेवटच्या स्टेशनापर्यंत. हा धंदा करणारे आता थोडेच उरलेत, म्हणून ते डॉक्टरांपेक्षा जास्त रुबाबात येतात. त्यांनी बूट काढले, भिंतीला तळवा लावला, एसीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, बल्ब तपासला आणि म्हणाले, "जागा चांगली निवडलीत." घरातल्या चार माणसांपैकी प्रत्येकाला ते वाक्य आपल्याला उद्देशून वाटलं. मग त्यांची नजर पियानोच्या माथ्यावर गेली.

पियानोला पाऊस, ऊन, उंदीर, कसर यांपासून कसं वाचवायचं हे पुस्तकांत असतं. मराठी घराला सपाट पृष्ठभाग मोकळा पाहवत नाही, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. पियानो आला त्याच संध्याकाळी त्याच्यावर एक क्रोशाचा रुमाल आला. रुमाल एकटा बरा दिसत नाही म्हणून फुलदाणी आली. मग चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या, कुरिअरने आलेलं पाकीट, विकून टाकायच्या रद्दीतली वाचायची राहिलेली पुरवणी, दोन लिंबं, आणि स्वयंपाकघरात गर्दी झाली तेव्हा 'जरा वेळ' ठेवलेली लाडवांची बरणी. ट्यूनरनी काही न बोलता एकेक वस्तू सोफ्यावर मांडली. सोफा भरला. झाकण उघडून हात आत घातला तेव्हा एक पेन्सिल निघाली, एक हेअरपिन, नाणी, थोड्या अक्षता आणि आईचा गेल्या महिन्यात हरवलेला मोत्याचा कानातला. कानातला पाहून आईने त्यांना लाडू दिला आणि पियानोत हरवलेल्या वस्तू सुरक्षित राहतात, असा निष्कर्ष काढला.

जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला बाईंच्या सगळ्या यादीपेक्षा मोलाची वाटली. कसर लागते ती न हलणाऱ्या नमद्याला. अंधार आणि निवांतपणा मिळाला, की तिची अंडी तिथे. रोज वाजणाऱ्या पियानोत हातोड्या हलत राहतात, तिला स्वस्थता मिळत नाही. उंदराचंही तेच. शिवाय वाजवणाऱ्याला चिकटलेली पट्टी त्याच दिवशी कळते. न वाजवणाऱ्याला ती कळते पियानो विकायला काढल्यावर. "जागा कितीही चांगली असू दे," ते म्हणाले, "कोपऱ्यात जपून ठेवलेले पियानो मी जास्त मेलेले पाहिलेत."

म्हणजे आम्ही भिंत शोधत होतो ती ओलीसाठी, आणि ती उपयोगी पडली वेगळ्याच कारणाने. टीव्हीच्या जागी बसल्यामुळे पियानोकडे सतत कुणाचं तरी लक्ष असतं. सोफ्यावर बसलेला माणूस फार वेळ नुसत्या बंद लाकडाकडे पाहू शकत नाही. तो म्हणतो, वाजव गं काहीतरी. ती वाजवते. ती नसली तर मी एका बोटाने काळी चारमध्ये 'सा' शोधतो. बायको पुसायच्या निमित्ताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ८८ पट्ट्यांवरून फडकं फिरवते. भिंतीपलीकडून काका विचारतात, नवीन धडा का? आईने तर कसरीची धास्ती अशी घेतली आहे, की मुलगी परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन बसली, तरी ती आतून ओरडते, "आधी वाजव! किडे होतील!"

यंदाच्या पावसात पियानोचा सूर जेमतेम चढला. आर्द्रतामापकावर आकडा बरा होता, मिठाने मात्र अजून माघार घेतलेली नाही. सगळं मार्गी लागलं म्हणायला हरकत नव्हती. पण नारळी पौर्णिमेच्या आसपास टीव्हीवर आडव्या रेषा येऊ लागल्या. मालिकेतली सासू मधूनच हिरवी दिसायची; ते आईला सुरुवातीला कथानकाचा भाग वाटलं. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने टीव्ही भिंतीवरून उतरवला, मागे हात फिरवला आणि ओला तळवा आमच्यापुढे धरला.

"साहेब, मशीन चांगलं आहे. जागा चुकलीय. बाहेरच्या भिंतीला कुणी टीव्ही लावतं का? आतली, कोरडी भिंत बघा एखादी."

आम्ही तिघांनी एकदम पियानोकडे पाहिलं. आईला त्यात काही अडचण दिसेना.

"त्याच्यावरच ठेवा की," ती म्हणाली. "वर सपाटच आहे."